खुर्चीवरून उठवणाऱ्या आहेर बाई

आहेर बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात कांदा आणि सुरी ठेवली. मी सतरा वर्षांची, जन्मापासून न दिसणारी. घरी आई अजून पोळीचे तुकडे करून द्यायची. "बोट कापलं तर?" मी विचारलं.

"अजून नऊ ऱ्हातील की," बाई म्हणाल्या.

बाई सटाण्याकडच्या. त्यांनाही दिसत नसे, त्यामुळे आमचं रडगाणं त्यांच्यापुढे चालायचं नाही. नाशिकच्या आमच्या अंध मुलींच्या प्रशिक्षण केंद्रात त्या स्वयंपाक, काठी घेऊन एकटीनं बसचा प्रवास आणि मुलाखतीत ताठ बसणं शिकवायच्या. वाढदिवसाची जिलेबी वाटायला आलेले पाहुणे आम्हा मुलींना गाणं म्हणायला लावत. बाई मधेच विचारायच्या, "साहेब, तुमच्या दुकानात माणूस लागतो का?" पाहुण्यांना लगेच घाई व्हायची. "जिलबी द्यायला लय हात हायेत, काम द्यायला एक नाय," असं म्हणत बाई जिलेब्या मात्र दोन घ्यायच्या.

पुढे बाई गेल्या, तेव्हा शोकसभेत कुणी तरी त्यांना अंधारातली पणती म्हणालं. त्या असत्या तर तेल कोण घालणार, हे आधी विचारलं असतं. मला मात्र त्या दिवशी रडू आवरलं नाही.

त्याच्या कितीतरी आधी, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी बाईंकडे पेढे घेऊन गेले. कौतुकानं सांगितलं, साहेब देवमाणूस आहेत. मला दारातल्या खोलीत गार हवेत नुसतं बसवतात, पाहुणे आले की माझ्यासोबत फोटो काढतात.

"म्हंजे भिंतीवरची तसबीर झालीस. हार तेवढा ऱ्हायला," बाई म्हणाल्या. "नुसतं बसायला घर नव्हतं का तुला?"

घरी येऊन मी त्यांच्या नावानं भरपूर बोटं मोडली. पण दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसवेना. साहेबांना म्हणाले, "मला काम द्या, नाही तर काढून टाका." ही नोकरी गेली तर आई मला पुन्हा घराबाहेर सोडणार नव्हती.

"अहो, पण चुकलं तर?"

"चुकलं तर ओरडा."

शेवटी त्यांनी मला तपासणीला बसवलं. सुट्या भागांच्या कडेला राहिलेली लोखंडाची बारीक कुसळं बोटांनी शोधायची आणि असा माल बाजूला काढायचा. तिसऱ्याच दिवशी मी खराब मालाची पेटी चांगल्या मालात सारली. सुपरवायझर सगळ्यांदेखत कडाडला, "मॅडम, डोकं घरी ठेवून येता का?" जेवणाच्या सुट्टीत बाईंना फोन लावून मी हमसून हमसून रडले.

"बाकीच्यांवर वरडतो तसाच वरडला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"बिचारी म्हनून सोडलं नाय?"

"नाही हो, बाई!"

"मंग रडतीस काय? आता लागली तुला नोकरी."