हात न लावलेला फोटो

माझा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मी लग्नांचे फोटो काढणं सोडलं. वीस वर्षांचा धंदा होता. एका लग्नात हार घालतानाचे सगळेच फोटो हलले. त्या घरच्यांनी समजून घेतलं, पण मी घरी येऊन कॅमेरा कपाटात ठेवला. हाताची थरथर सावरून घेणारी लेन्स मुद्दाम घेतली होती, तीही त्याच्यासोबत आत गेली.

दोन वर्षांनी बायकोनंच तो बाहेर काढला. "माणसं नाय तर नाय, चांदण्यांचे काढा. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, हाताचं कामच नाय."

तिच्या भावाचं शेत फुलंब्रीच्या पुढं आहे. तिथं अंधार चांगला असतो. एका अवसेला आम्ही दोघं गेलो. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला, टायमर लावला अन् मागं सरलो. फोटो पाहिला तर प्रत्येक चांदणी गांडुळासारखी वळवळलेली. पुन्हा काढला. पुन्हा तेच.

"जाऊ दे," मी म्हणालो. "माझ्या हातानं आता काही जमायचं नाय."

बायको बांधावरून उठली. "पण तुमचा हात लागलाच कुठं? तुम्ही तर इथं माझ्याजवळ उभे होता. मग हलवतंय कोण?"

तिनं आणखी एक फोटो काढायला लावला अन् लेन्सजवळ कान नेला. "आत बारीक घुर्र वाजतंय," ती म्हणाली.

मीही ऐकलं. थरथर सावरणारं यंत्रच होतं ते. स्टँडवर सावरण्यासारखं काही नव्हतं, तरी ते हलणं शोधत होतं आणि उगाच आतली काच हलवत होतं. लेन्सवरचं त्याचं बटन मी कधी बंदच केलं नव्हतं. त्याच्याशिवाय आपलं भागत नाही, हे मनात पक्कं बसलेलं. बंद केलं.

पुढच्या फोटोत चांदण्या मोहरीसारख्या नीट, टिपून घ्याव्यात अशा. मी तो मोठा करकरून पाहत राहिलो. "लई भारी!" बायको म्हणाली.

थरथर गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, जाणारही नाही. पण मागच्या हिवाळ्यात मुकुंदवाडीच्या एका शाळेनं मृग नक्षत्राचा माझा फोटो वर्गात लावायला नेला. आता वेरूळकडं जायचं ठरलंय. बायकोनं स्वतःसाठी जुना कॅमेरा घेतलाय, अन् चांगला स्टँड कुणी वापरायचा यावर रोज वाद चालू आहे.