हिरव्या लोकरीचं पिल्लू

पिल्लू निवडायचं असेल तर ते दोनदा बघावं. एकदा भुकेलेलं असताना आणि एकदा खाऊन झाल्यावर. भुकेलं पिल्लू चपळ दिसतं, भरल्या पोटाचं मंद दिसतं, आणि दोन्ही वेळा आपली फसगत होऊ शकते. हे मला पक्कं माहीत आहे, कारण एकदा मी हीच गोष्ट वापरून एका भल्या माणसाला फसवायला निघाले होते.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी अडतीस वर्षांची, दवाखान्यात नर्स. लग्न केलं नव्हतं. इंदोऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं, मागे छोटं अंगण. घरात आई, मिलमधून निवृत्त झालेले बाबा आणि मी. आई त्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी गेली. दसऱ्याला आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीवर जायचो, त्या वर्षी गेलो नाही.

कुत्री आईची होती. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या बंगल्यावरून तिने ती आणली होती. अर्धी अल्सेशियन, उरलेली अर्धी कुठली ते कुणाला ठाऊक नव्हतं. आई जायच्या तीन आठवडे आधी तिने कुत्रीला कामठी रोडवरच्या एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीवर, नेलं होतं. टालवाल्याकडे खरा अल्सेशियन नर होता. अशा वेळी नराच्या मालकाला पैसे देत नाहीत, पहिली निवड देतात. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की तो येतो, सगळी बघतो, हवं ते उचलतो. उरलेली आपली. आईने त्याला सांगितलं होतं, "चांगल्यातलं चांगलं तुमचं." हे मला तिनेच घरी येऊन सांगितलं, त्यामुळे त्याबद्दल वाद नव्हता.

कुत्री व्याली तेव्हा थंडी सुरू झाली होती आणि बाजारात संत्री आली होती. संत्र्याच्या दोन पेट्या जोडून, भाताचं तणस घालून मी जागा केली. पाच पिल्लं झाली. जन्मल्याबरोबर सगळी सारखीच दिसतात, म्हणून आईच्या विणकामाच्या पिशवीतली लोकर काढून पाचांच्या गळ्यात पाच रंग बांधले: लाल, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. लोकर सैल बांधावी, खालून बोट जायला हवं, आणि चार दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, कारण मान फार लवकर जाड होते. दवाखान्यातला बाळांचा काटा घरी आणणं नियमात बसत नव्हतं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीचा तराजू मी रोज सकाळी तिचा माल येण्याआधी अर्धा तास आणत असे.

एक रेघांची वही केली. वजन, डोळे कधी उघडले, कुत्रीच्या अंगाशी पहिलं कोण पोचतं, भांडं वाजवलं तर कोण दचकतं आणि दचकून परत पुढे कोण येतं. या शेवटच्या रकान्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. सगळीच पिल्लं दचकतात. परत येतं ते कामाचं.

त्याच वहीत मागच्या बाजूने मी बाबांचा तक्ता लिहीत होते. हे त्यांना माहीत नव्हतं. आई गेल्यापासून ते मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून असायचे. विचारलं तर हो किंवा नाही म्हणायचे, आपणहून काही बोलत नव्हते. ताटातली भाकर अर्धी राहायची, कधी सगळीच. तीस वर्षं मागावर काम केलेला माणूस, मनगटं अशी होती की माझ्या मुठीत मावत नसत. ती मावायला लागली होती. मला रडत बसता येत नाही, लिहिता येतं. तारीख, सकाळी किती, संध्याकाळी किती, बोलले की नाही.

अठराव्या दिवशी हिरवं पेटीतून बाहेर पडलं. बाहेर पडणारं ते पहिलंच. घसरत, पोट घासत उंबऱ्यापर्यंत गेलं आणि बाबांच्या पायावर चढून तिथेच झोपलं. बाबांनी पाय हलवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे काय करून राह्यलं वं?"

"झोपलंय, बाबा."

"ते दिसून राह्यलं मले. माह्या पायावर काहून?"

त्या दिवशीची मागची नोंद: संध्याकाळी एक भाकर. बोलले, आपणहून.

पुढे रोजचं झालं. बाबा बसले की हिरवं यायचं. ते त्याला मांडीवर घ्यायचे, आपल्या धोतराने त्याचे कान पुसायचे आणि माझ्याशी न बोललेलं सगळं त्याच्याशी बोलायचे. तीन आठवड्यांत बाबांच्या भाकरी अर्धीवरून दीडवर आल्या. अडचण एवढीच होती की पुढच्या पानांवरही हिरवंच सगळ्यात वर होतं. वजनाला पहिलं, दचकून परत येण्यात पहिलं. जो कोणी नीट बघेल तो तेच उचलणार होता.

टालवाला रविवारी येतो म्हणून निरोप आला. शनिवारी मी बाबांना म्हटलं, "हिरव्याला उद्या शेजारी ठेवते. चारच झाली म्हणून सांगू."

"पाच झाले," बाबा म्हणाले. "पाच दिसले पाह्यजे."

"पण त्याने तेच नेलं तर?"

"तुह्या आईनं शबूद देल्ला आहे."

यावर बोलणं संपलं. म्हणून मी दुसरा उपाय केला. रविवारी सकाळी चार पिल्लांना काही दिलं नाही, कुत्रीपाशीही सोडलं नाही. हिरव्याला टालवाला यायच्या अर्धा तास आधी वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी दिली. आणखी अर्धी वाटी दिली. त्याचं पोट माठासारखं झालं आणि ते पेटीच्या कोपऱ्यात आडवं पडलं.

टालवाला साठीचा, दणकट माणूस. सायकलवरून आला, कॅरिअरला पिशवी बांधलेली. बाबांना म्हणाला, "वैनीचं ऐकलं म्या. लई वाईट झालं." बाबांनी मान हलवली. मी चहा दिला. तो चहा पिऊन अंगणात उकिडवा बसला आणि कामाला लागला.

त्याच्या कसोट्या जुन्या पद्धतीच्या होत्या. पिल्लू मानेच्या कातड्याला धरून उचलायचं, केकाटलं तर बाजूला. मग तोंड उघडून टाळू पाहायचा, काळा असेल तर चांगलं. मग नखं मोजायची. साध्या कुत्र्याला अठरा नखं असतात, काहींना मागच्या पायांना वर एकेक जास्तीचं, म्हणजे वीस. वीसनखी कुत्रा राखणीला तिखट, असं टालीवरची सगळी माणसं मानत. माझा त्यावर विश्वास नव्हता आणि अजून नाही.

लाल, निळा, पांढरा आणि पिवळा भुकेने त्याच्या चपला चावत होते. पांढरा केकाटला. पिवळा तर उचलायच्या आधीच केकाटला.

"हे तं नुसतं भोंगा हाये," तो म्हणाला. लाल त्याच्या हातात गप्प लटकलं. टाळू काळा, नखं अठरा. "हे बरं हाये. आन् ते कोपऱ्यातलं? आजारी हाये काय?"

"जरा सुस्तच आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

त्याने हिरव्याला उचललं. ते डोळे किलकिले करून जांभई देऊन परत झोपलं. त्याने सवयीने मागचे पाय हातात घेतले, मोजलं, परत मोजलं, आणि काही न बोलता खाली ठेवलं. हात पुसत वर पाहिलं तर खिळ्याला टांगलेली वही दिसली.

"हे काय लिवलं हाये, नर्सबाई?"

इथे माझी चूक झाली. काही नाही, दवाखान्याचं आहे, असं म्हणून मी वही आत नेऊ शकले असते. पण सहा आठवड्यांची एकही नोंद चुकवली नव्हती आणि आजवर ती कोणी पाहायला मागितली नव्हती. मी खिळ्यावरून वही काढून त्याच्या हातात दिली.

त्याने चष्मा लावला. बोट ठेवून रकाने वाचले. हिरव्याचा रकाना वाचताना माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पिल्लांची नोंद संपल्यावर अजून काही आहे का म्हणून त्याने वही उलटी केली, आणि मागची पानं उघडली.

मी पुढे झाले. पण बाबा समोरच उंबऱ्यावर बसले होते, त्यांच्यादेखत वही ओढून घेता येईना. तो वाचत होता. दोन पानं, तीन पानं. 'अर्धी भाकर. बोलले नाहीत.' 'भाकर नाही. बोलले नाहीत.' मग 'हिरवं मांडीवर. एक भाकर.' त्याने वही मिटून माझ्या हातात परत दिली आणि चष्मा खिशात ठेवला.

"लाल देऊन द्या," तो म्हणाला. "लालच बरं हाये."

पिशवी उघडायला मी हात पुढे केला तेवढ्यात बाबा उठले.

"थांबा गा. ते सुस्त नाई. हिनं त्याले सकाळी दूधपोळी चारून ठेवली. म्या पाह्यलं. बाकीच्यायले उपाशी ठेवलं."

टालवाला हसला. "समजलं मले. पोट पाहून समजलं."

"मंग नखं मोजा."

"मोजले."

"किती?"

"वीस."

"मंग लाल काहून नेता?"

टालवाल्याने माझ्याकडे पाहिलं. सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं की त्यांचा घास अन् घास मी मांडून ठेवला होता. तो म्हणाला, "माही मर्जी. लालचा रंग आवडला."

"रंग पाहून टालीवर कुत्रा ठेवता काय तुमी?" बाबांचा आवाज चढला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. "ती चांगल्यातलं चांगलं देतो बोल्ली होती. मी तिच्या मागं दुसरं देऊन मोकळा होऊ काय?"

त्यांनी पेटीतून हिरव्याला उचललं आणि टालवाल्याच्या मांडीवर ठेवलं. ते झोपेतच होतं. बाबा परत उंबऱ्यावर जाऊन बसले, पण पाठ आमच्याकडे.

टालवाल्याने पिल्लाच्या पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, "याले खाऊ काय घालता?"

उत्तर मी द्यायला लागले. तो म्हणाला, "तुमाले नाई विचारलं. भाऊ, याले खाऊ काय घालता?"

बाबा पाठमोरेच म्हणाले, "दूध कोमट लागते. थंडं देल्लं तं पोट बिघडते."

"आन्?"

"पोळी कुस्करून. भाकर अजून पचत नाई." मग ते वळले. "कान पुसा लागते रोज. डावा. त्याच्यात घान जमते. आन् झोपताना त्याले पाय लागते कोनाचा तरी."

"लिवा न, नर्सबाई," टालवाला मला म्हणाला. "माह्या ध्यानात राहत नाई."

मी लिहायला बसले. वहीचं एक पान भरलं, मग दुसरं. पाणी कुठल्या भांड्यात, ऊन कोणत्या वेळेचं, झाडूला घाबरतं पण बादलीला नाही, शेपटीला हात लावलेला चालत नाही. सहा आठवडे मी त्या पिल्लाची नोंद ठेवली होती आणि यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. बाबा सांगताना मध्येच थांबायचे, आठवायचे, मी लिहिलेलं पुन्हा वाचायला लावायचे. एवढं बोलताना मी त्यांना आई असतानाही क्वचितच पाहिलं होतं.

दोन्ही पानं फाडून मी टालवाल्याला दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली, घडी घातली, खिशात ठेवली नाही, बाबांच्या हातात दिली.

"एवढं कोन करते गा? टालीवर माह्याकडं लाकूड कापनारे हायेत, कान पुसनारा नाई. तुमीच सकाळी येऊन पाहून जात जा. चार दिवस तरी. नाईतं मरून जाईन हे."

"मरते कायले," बाबा म्हणाले. "रात्री चादर टाकजा त्याच्यावर. मी येतो सकाळी."

पिल्लू पिशवीतून गेलं. कुत्री दारापर्यंत जाऊन परत आली आणि उरलेल्या चौघांना दूध द्यायला लागली, कारण पिल्लं भुकेने ओरडत होती. तो दोष माझा होता. मी त्यांनाही दूधपोळी केली.

इंदोऱ्याहून टाल चांगली तीन किलोमीटर. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघाले. बरोबर कान पुसायला जुन्या धोतराचा तुकडा आणि ती दोन पानं. दहाच्या सुमारास परत आले, अंगावर लाकडाचा भुसा. चार दिवसांचे चार महिने झाले, मग त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. टालवाल्याने त्यांच्यासाठी एक स्टूल बाहेर ठेवलं होतं.

लाल, निळा आणि पांढरा ओळखीच्या घरी दिले. प्रत्येक घराला मी वहीतली त्या पिल्लाची नोंद उतरवून दिली, फक्त एका घराने ती वाचली. पिवळा कोणी नेला नाही. तो आमच्याकडेच राहिला, तेरा वर्षं, आणि भोंगा होता म्हणून राखणीला उत्तम निघाला. वीसनखी हिरवं मात्र टालीवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायावर जाऊन झोपायचं. टालवाला त्यावरून बाबांना रोज बोलायचा. "तुमच्या सवयी लागल्या याले." बाबा ऐकून घ्यायचे.

मागच्या पानांवरची शेवटची नोंद त्या सोमवारची आहे. सकाळी सातला गेले, दहाला आले. दोन भाकरी. तिसरी अर्धी मागितली, पीठ मळलेलं नव्हतं. त्यापुढे मी तारीख घातली नाही. दुसऱ्या दिवसापासून पीठ जास्त मळायचं, एवढं लक्षात ठेवायला वही लागत नाही.