लाईन जाईपर्यंत

कॉम्प्युटर क्लासवाल्याला किस्से जमवावे लागत नाहीत, ते कीबोर्डमधल्या धुळीसारखे आपोआप साचतात. अमरावतीत राजापेठेत आमचा लिनक्सचा क्लास होता. मास्तर दोघंच, मी आणि शाहिद सर. त्या वर्षांत शेतीवर कोणाचा भरवसा उरला नव्हता, त्यामुळे गावोगावची पोरं सिस्टिम ॲडमिन व्हायला यायची.

*

सगळ्यांची गाडी अडायची ती व्हीआयवर. फाईल लिहायचा हा एडिटर. यात माऊस चालत नाही आणि बाहेर पडायलासुद्धा कमांड लागते. एका गड्यानं ओळीनं 'एक्झिट', 'क्विट', 'बाय' टाइप केलं, शेवटी 'सोड ना बाप्पा'! व्हीआयनं सगळं निमूटपणे फाईलमध्ये उतरवून घेतलं.

*

मग पोरांनीच उपाय काढला. दुपारी भारनियमन असायचं. अडकलेला माणूस हात बांधून घड्याळाकडे बघत बसायचा. लाईन गेली की मशीन बंद, माणूस मोकळा. नांदगाव खंडेश्वरची अर्चना यात पटाईत. मी रागावलो की म्हणायची, "राहू द्या ना सर, जातेच आता लाईन."

*

या अर्चनाला अकोल्याच्या एका कापूस जिनिंगवाल्यानं सर्व्हर सांभाळायची नोकरी कबूल केली होती. अट एकच, लिनक्सची परीक्षा पास व्हायची. घरची भाजीची वाडी, पगाराचं माणूस एकही नाही. ती पुण्याला परीक्षा देऊन आली आणि मान खाली घालून मशीनसमोर बसली.

"काहून, काय झालं?" शाहिद सरांनी विचारलं.

"पहिल्याच प्रश्नात व्हीआयमधे अडकली सर. बसली वाट पाहत. तिथं लाईनच जात नाही."

तिचा चेहरा बघून कोणालाच हसू आलं नाही.

*

क्लासमध्ये व्हीआयच शिकवायचं हा सरांचा हट्ट, त्यावरून त्या दिवशी आमचं दोघांचं वाजलं. मी म्हणालो, "फाईल उघडता, बदलता, सेव्ह करता आणि बाहेर पडता आलं की बस. तेही ज्याला जो एडिटर जमतो त्यात. व्हीआयपायी पोरीची नोकरी घालवायची का?"

शाहिद सर आवाज चढवत नसत. "भाऊ, सर्व्हर आडवा पडला की तिथं फक्त व्हीआय असते. त्या टायमाले पोरगी एकटी असन. मले परीक्षेची नाही, त्या दिवसाची फिकीर आहे."

मला अजूनही माझंच पटतं. पण त्यांना चूक म्हणायला जीभ रेटत नाही.

*

जिनिंगवाला दुसऱ्या प्रयत्नापर्यंत थांबला. सरांनी अर्चनाचा पिच्छाच पुरवला. लाईन जायच्या आत व्हीआयमधून बाहेर पडली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ती पास झाली, पेढे घेऊन आली. सरांनी आधी विचारलं, "व्हीआयचं काय काय आलं?"

"काहीच नाही सर. कोणताही एडिटर वापरा म्हणे."

सर पेढा हातात धरून बसून राहिले. मी जिंकलो होतो. पण वाईटच वाटलं.

*

अर्चना अकोल्याला रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर बंद पडला. गेटवर कापसाच्या गाड्या अडलेल्या, वजनकाट्याची पावती निघेना, मालक खुर्चीमागे उभा. संध्याकाळी तिचा फोन आला, तो मी घेतला. सर शिकवत होते.

"चालू झाला सर्व्हर," ती म्हणाली. "व्हीआयच होता फक्त. शाहिद सरांले सांगजा, मी बाहेर आली."

"सांगतो."

"आन् सर, हे पन सांगजा. लाईन चालूच होती."