पाट्या वाचणारी आक्का

आमची आक्का रस्त्यानं मुकाट्यानं कधी चाललीच नाही. समोर जे अक्षर येईल ते ती मोठ्यानं वाचायची. दुकानाची पाटी, शटरवरचं 'येथे वाहन लावू नये', दवाखान्याची वेळ, रिक्षाच्या पाठीवरचं 'आईची कृपा', सगळं. बरोबरच्या माणसाला लाज वाटायची, तिला नाही. "लोकांनी वाचायलाच लावल्यात की रं," म्हणायची आणि पुढच्या पाटीकडं वळायची.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलती. तिचं माहेर राधानगरीकडं, धरणाच्या वरच्या अंगाला. तिच्या लहानपणी त्या वाडीत शाळा नव्हती. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा अंगठाच उठवायची. माझ्या चुलत्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी तिला पुस्तक आणून दिलं नाही. संध्याकाळी महाद्वार रोडनं भाजीला जाताना ते दुकानांवरची अक्षरं बोटानं दाखवायचे. 'क' तिला कापडाच्या दुकानानं शिकवला, 'भ' भांड्यांच्या. घरी आल्यावर तीच अक्षरं ती खडूनं फरशीवर गिरवायची, स्वतःचं नावही तशीच लिहायला शिकली. "पुस्तकातलं अक्षर मुंगीएवढं," ती सांगायची, "पाटीवरचं हातभर असतंय. चुकायचं म्हटलं तरी चुकत न्हाय."

चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर तिचा विशेष जीव. गॉगल लावलेल्या उत्सवमूर्तीकडं ती बघायचीही नाही. खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो असतात, ते एकेक करून नावासकट वाचायची. "ह्यो बघ. ह्येला मी उघडा नागडा फिरताना बघितलाय. आता हात जोडून उभारलाय, जणू निवडणूकच लढवतोय." ती हे भर चौकात बोलायची. एकदा तो शुभेच्छुक स्वतःच मागं उभा होता. "काय आक्का!" म्हणून तोही हसला.

पण तिची खरी ऐट दिसायची एस.टी. स्टँडवर. अण्णा गेल्यावर ती एकटीच माहेरी जायची, कागलला लेकीकडं जायची. गाडी लागली की घाटमाथ्यावरनं आलेल्या, गगनबावड्याकडच्या बाया तिलाच विचारायच्या, "आक्का, ही कुठली ओ?" ती पदर सावरून, डोळे बारीक करून पाटी वाचायची आणि त्यांना गाडीत बसवून द्यायची. एकदा मी तिला पोचवायला गेलो होतो. माझ्याकडून पिशवी घेत ती म्हणाली, "जा तू घरला. मला डोळं हायत."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी ती दारात चहा घेत बसली होती. समोरच्या किराणा दुकानाकडं बराच वेळ बघत राहिली आणि आत हाक मारली, "दिलप्या, पाटी कन्नडात कवा केली रं त्यानं?"

दिलीप तिचा मुलगा. त्याला वाटलं, आई चेष्टा करतेय. पाटी तीच होती, गेली कित्येक वर्षं तिथंच असलेली. मग त्यानं तिच्या हातात पेपर दिला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. "ह्योबी कन्नडातच," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. दिलीपनं तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती. भिंतीवरच्या पडद्यावर पेशंटची नावं लाल अक्षरांत येत होती. तिचं नाव आलं, गेलं, पुन्हा आलं. ती त्याकडंच बघत होती. "आक्का, उठ, आपला नंबर आला," मी म्हणालो तेव्हा कुठं ती हलली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि वाचण्याचा तेवढा भाग गेला. बोलणं राहील, माणसं ओळखता येतील, कदाचित लिहिताही येईल. वाचणं कितपत परत येईल ते सांगता येत नाही.

आम्ही प्रयत्न केले. दिलीपनं मोठ्या अक्षरांचे तक्ते आणले. मी सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन महाद्वार रोडला गेलो. वाटलं, जिथं अक्षरं आली तिथंच परत येतील. भांड्यांच्या दुकानासमोर तिला उभी केली. तिनं हवेत बोट फिरवून पाटीवरचा आकार गिरवला. मग दारातल्या पितळी घागरींकडं बघून म्हणाली, "भांड्याचं दुकान हाय. पर ह्ये मी भांडी बघून सांगालोय." माघारी वळत म्हणाली, "चल घरला. लोकं बघालीत."

लोक बघतात असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर ती बाहेर पडेनाशी झाली. माहेरी लग्न होतं, गेली नाही. दिलीप रिक्षानं नेतो म्हणाला, तरी नाही. टीव्हीवर बातम्या लागल्या की खालून पळणाऱ्या अक्षरांचा तिला त्रास व्हायचा. "बंद कर. ती समदी कुठं निघाल्यात, आन मला घेत न्हाईत." मी पेपर वाचून दाखवायचो. ती ऐकायची, पण मधेच भिंतीकडं तोंड करायची. एकदा म्हणाली, "तू चांगलं वाचतोस. पर त्ये तुझं वाचणं हाय."

वाचणं शेवटपर्यंत परत आलं नाही. यंदाच्या श्रावणात ती गेली.

त्याच्या आठवडाभर आधी मी तिला भेटायला गेलो होतो. बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तिनं माझ्या खिशातला पेन मागितला. पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेत ती सावकाश काहीतरी लिहू लागली. अक्षर वळणदार होतं. लिहून झाल्यावर तिनं पेपर लांब धरला, जवळ आणला आणि माझ्यापुढं केला.

"काय लिवलंय रं?"

"तुझं नाव, आक्का."

तिनं पुन्हा एकदा कागदाकडं निरखून बघितलं.

"असंल," म्हणाली, आणि पेन परत दिला.