लंकाबाईची पिसं

डिंगोऱ्यात आमच्या शेजारचा सावळेराम एका खास जातीचे कोंबडे पाळायचा ते मानेच्या पिसांसाठी. पुण्याचे एक साहेब ती पिसं गळाला बांधून खोटी माशी करत. मासा तिला भुलतो म्हणे. आम्ही सगळे हसायचो. "मासा धरायला कोंबडा मारायचा, ह्यो कुठला शानपणा?" असं मी त्याच्या तोंडावर बोलले आहे. माझी जीभच तशी.

पण काम मोठं जिकिरीचं. मानेची कातडी पिसांसकट सोलायची, बोथट सुरीने चरबीचा कण न् कण खरवडायचा, मीठ चोळून पुठ्ठ्यावर टाचायची, सावलीत वाळवायची. शेवटी किडीची अंडी मरावीत म्हणून ओतूरला पप्पूच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. सावळेरामला पप्पू कधी नाही म्हणाला नाही.

गेल्या वर्षी सावळेराम गेला. मागे त्याने सोलून वाळवलेल्या सहा माना राहिल्या आणि त्या जातीचे शेवटचे तीन कोंबडे. त्यांच्या माना त्याच्या बायकोने, लंकाबाईने, स्वतः केल्या. साहेब फोनवर म्हणाले, "येतो. तुमच्या माना त्यांच्या मानांशेजारी ठेवून बघतो. हात जमला असेल तर तुम्हाला नवी पिल्लं आणून देतो." त्या दिवसापासून बाईला दुसरा विषय नव्हता.

पप्पूने मात्र या वेळी हात झटकले. "गिऱ्हाईक नाक मुरडतंय, मावशी."

तेव्हा अक्कल पाजळली ती मी. "अगं, बाजरीच्या कोठीत कडूलिंबाचा पाला घालून ठेव. माझ्या दाण्याला कधी कीड लागली न्हाई." तिने ऐकलं. नऊच्या नऊ माना एकत्र ठेवल्या.

महिन्याने साहेब आले. लंकाबाईने कोठीतून पुठ्ठे काढले आणि पिसांचा भुगा तिच्या मांडीवर सांडला. त्यात केसाळ अळ्या वळवळत होत्या. दाण्याची कीड वेगळी, पिसांची वेगळी, हे मला कुठलं ठाऊक! दारात उभी होते मी. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

साहेब भले. म्हणाले, "जाळून टाका, मावशी. आता काही होणार नाही याचं."

लंकाबाई रडली नाही. दोन पुठ्ठे उचलून तिने त्यांच्यापुढे धरले.

"ते ऱ्हाऊ द्या. पन माझा हात जमला व्हता का, येवढं सांगा."

साहेबांनी पुठ्ठे उलटेपालटे करून पाहिले. "यातला तुमचा कुठला?"

ते तिलाही सांगता आलं नाही.