आईच्या वाढदिवसाचा फूड वॉक

आईच्या वाढदिवसाला आम्ही नाशिकच्या जुन्या गल्ल्यांमधला फूड वॉक बुक केला, एकदम सरप्राइज! पहिल्याच मिसळीपाशी गाइड ताई म्हणाली, "काकू, घ्या ना."

"आज संकष्टी आहे गं," आई हसली.

"अगं, आधी सांगायचंस!" बाबा म्हणाले. कसं सांगणार? सरप्राइज होतं ना! दर संकष्टीला चंद्र उगवला की तिच्याच हातचे मोदक हाणतो आम्ही, पण कॅलेंडर कुणीच बघितलं नाही. आपल्या माणसाचा उपवाससुद्धा आपल्याला फक्त मोदकांपुरताच माहीत असतो की काय?

पुढे भेळ, जिलबी, कचोरी. आई आमच्या पिशव्या धरून उभी.

शेवटी ताईने विचारलं, "काकू, सगळ्यात काय आवडलं?"

"तू विचारलंस ते."

तेवढ्यात बाबांनी तिच्याकडे पाण्याची बाटली मागितली.