सुनंदाने टिपलेला गोठा

जानेवारीतला रविवार. हजर: मी, आमचे हे आणि मैत्रीण सुनंदा.

प्रवासात रस्त्याकडेला कुडाच्या भिंतींचा जुना गोठा दिसला. गोठ्याच्या मालकीण पारूमावशी आत जमीन सारवत होत्या. "मावशी, जरा बाजूला होता का?" म्हणत मी नऊ फोटो काढले.

सुनंदा चपला काढून सरळ त्यांच्याबरोबर सारवायलाच बसली. मग तिने मोबाइल उचलला.

"अगं, शेण लागंल की त्याला!" मावशी खळखळून हसल्या. तिने तेवढंच टिपलं.

माझ्या नऊ फोटोंत नुसत्या भिंती आहेत. चौकट मलाही साधते. माणसं तिच्याकडेच का वळतात, या विचाराने अजून जळते.

मावशींनी तिने काढलेलाच फोटो मागितला. पाठवायचं मी अंगावर घेतलं. फोटो छापून महिना झाला; पाकिटावर पत्ता घालायचा राहिला आहे.